पाखरांची पाठवणी

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गोठ्यात रेडिओ टांगून झाडलोट करणाऱ्या, गटाच्या बैठकीत एकत्र बसलेल्या सगळ्या जणींना उजनीच्या काठावरच्या आम्हा बचत गटातल्या बायांचा रामराम.

शिवरात्र आली की थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आपण म्हणतो. आता तेच दिवस आहेत. पळस फुललाय, सावरीवर लाल फुलं आली आहेत. ज्वारीची काढणी चालू आहे, हरभरा घाट्यांनी भरलाय. घरात कामाची नुसती धांदल आहे. याच दिवसांत आपल्या तळ्यावर, धरणाच्या फुगवट्यावर, गावच्या बंधाऱ्यावर आणखी एक धांदल चालू असते. हिवाळाभर मुक्कामाला आलेली पाखरं परत निघायच्या तयारीत असतात. ती तयारी कशी बघायची, आणि या पाच-सहा आठवड्यांत आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो, एवढंच आज सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, पाखरं बघणं हे शहरातल्या दुर्बीणवाल्यांचं काम. पण बघा, शहरातला माणूस पाण्यावर येतो रविवारी, तोही वर्षातून एक-दोनदा. आपण रोज येतो. कुणी धुणं घेऊन येतं, कुणी म्हशी घेऊन येतं, कुणाच्या घरची होडी असते, कुणाचं रान काठाला लागून असतं. पाणी कालपेक्षा किती खाली गेलं हे आपल्याला दगडावरून कळतं. आमच्याकडे तर भीमेचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि मग गावोगाव बोललं जातं की यंदा अवघड आहे. इतक्या बारकाईनं पाण्याकडे बघणाऱ्या बाईला पाण्यावरचं पाखरू बघणं काही जड नाही.

नावांचंही तसंच. पाखरांची मराठी नावं आपल्याच लोकांनी ठेवलेली आहेत. मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. त्यांनी जंगलातल्या आणि पाण्याकाठच्या लोकांकडून ऐकून ऐकून नावं जमवली आणि 'पक्षिकोश' लिहिला. नावं कशी आहेत बघा. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, थव्यानं पाण्यावर तरंगणारा तो वारकरी. धुण्याच्या दगडावर येऊन सारखी शेपटी खालीवर आपटणारा तो धोबी. चोच सपाट, थापटून रुंद केल्यासारखी, तो थापट्या. डोळ्यावर पांढरी भुवई असलेलं ते भुवई बदक. लांब टोकदार शेपटीचं ते तलवार बदक. आणि एक बदक आहे, त्याची चोच काळी, टोकाला पिवळी आणि कपाळाजवळ दोन लाल ठिपके. त्याचं नाव हळदी-कुंकू बदक. हे नाव ठेवणाऱ्यानं सवाशिणीचं कपाळ डोळ्यापुढे ठेवूनच ते ठेवलं असणार.

आता आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. पाण्यावर दिसणारं प्रत्येक पाखरू पाहुणं नसतं, आणि प्रत्येक पाहुणा सैबेरियाचा नसतो. हळदी-कुंकू बदक, टिटवी, पाणकोंबडी, टिबुकली ही आपल्याकडचीच. ती इथेच अंडी घालतात. गुलाबी लांब पायांचा शेकाट्याही आपल्याकडे बारा महिने दिसतो. चित्रबलाक, म्हणजे पिवळ्या चोचीचा मोठा करकोचा, आमच्या भागात भादलवाडीच्या तलावावरच्या झाडांत घरटी करतो. रोहित, ज्याला आता सगळे फ्लेमिंगो म्हणतात, तोही देशातलाच पाहुणा आहे. कच्छच्या रणात त्याची मोठी वीण होते. धरणाचं पाणी उतरून चिखल उघडा पडायला लागला की तो येतो आणि उन्हाळाभर राहू शकतो. म्हणून सगळी बदकं गेल्यावरसुद्धा रोहित दिसला तर चकित होऊ नका.

खरे लांबचे पाहुणे कोण? थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, तरंग, चक्रांग ही बदकं. ती मध्य आशियातून, सैबेरियातून येतात. चक्रवाक येतो लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवरून. आणि पट्टकादंब, ज्याला काही ठिकाणी राजहंसही म्हणतात. राखी रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा मोठा पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. शास्त्रज्ञांनी काही पट्टकादंबांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून त्यांचा प्रवास मोजला. त्यातला एक ७,२९० मीटर उंचीवरून उडाला होता. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक चार कळसूबाई ठेवल्या तरी त्याच्या वरून हा पक्षी जातो, तोही पंख मारत. मंगोलियात मानेला खुणेचा पट्टा बांधलेले पट्टकादंब पुढे कर्नाटकातल्या तलावांवर दिसले आहेत. हे पाखरू वाऱ्यावर भरकटत येत नाही. वाट ठरलेली असते.

मग ती परत का जातात? सोपं आहे. आपल्याकडे आता ऊन वाढणार, तळी आटणार. तिकडे बर्फ वितळून हिरवं गवत आणि किडे-अळ्या भरपूर होणार, दिवस मोठा होणार, पिलांना चारायला वेळ मिळणार. दिवस मोठा होऊ लागला की पाखरांच्या शरीरात बदल सुरू होतात. त्यांना कुणी पंचांग सांगावं लागत नाही. पुढे वाट काढायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व उपयोगी पडतं.

बदकांची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. बऱ्याच जातींच्या बदकांत जोड्या जमतात त्या हिवाळी मुक्कामावर, म्हणजे आपल्या तळ्यावर. नर माना झटकतात, मादीभोवती फिरतात, एकमेकांना हुसकतात. मादीला पसंत पडला की जोडी ठरली. मग वसंतात परत जायची वेळ झाली की मादी साधारण ज्या भागात जन्मली त्या भागात जाते आणि नर तिच्या मागोमाग जातो. म्हणजे लग्न आपल्या तळ्यावर जमतं आणि नवरा जातो बायकोच्या माहेरी! आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "पाखरांना बरं सुचलं." पण पुढे अंड्यांवर बसायचं आणि पिलं वाढवायचं काम बहुतेक बदकांत एकटी मादीच करते. म्हणून तर मादी मातकट असते. गवतात बसली की दिसू नये यासाठी. आता तळ्यावर रंगीत आणि मातकट अशी दोन बदकं जवळजवळ पोहताना दिसली तर ती दोन जाती नव्हेत, नवरा-बायको असण्याचा संभव जास्त.

आता बघायचं काय ते सांगतो. या दिवसांत पाखरं रंग बदलतात. दिवाळीत आली तेव्हा फिकी होती, जाताना नटून जातात. कुरव बघा. मच्छीमारांच्या होड्यांभोवती घिरट्या घालणारा पांढरा-राखी पक्षी. थंडीत त्याचं डोकं पांढरं असतं, कानाजवळ फक्त एक काळसर ठिपका. फाल्गुन येईतो त्याचं डोकं तपकिरी होत जातं, जणू कानटोपी घातली. एकाच थव्यात काही पांढऱ्या डोक्याचे, काही अर्धवट, काही पूर्ण तपकिरी दिसतात. पिवळा धोबी गुरांच्या पायात किडे टिपत हिंडतो. तो हळदीसारखा पिवळा होतो. पांढऱ्या धोब्याच्या गळ्याखालचा काळा भाग वाढत जातो. चक्रवाक नराच्या गळ्यात बारीक काळी रेघ येते. मंगळसूत्राच्या दोऱ्याएवढी. जवळून दिसली तर आवर्जून बघा.

भोरड्याही बघा. गुलाबी अंग, काळं डोकं. त्या पळसाच्या आणि सावरीच्या फुलांवर मध प्यायला गर्दी करतात. ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसलेल्या बाईला भोरडी वेगळी सांगायला नको. गोफण फिरवून हात दुखवणारी तीच ती. तिचं नुकसान खरं आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण तीच भोरडी मध्य आशियात पिलं वाढवताना टोळ आणि नाकतोडे फस्त करते, हेही तिच्या खात्यात लिहायला हवं. आणि विजेच्या तारांवर रांगेनं बसलेल्या भिंगऱ्या मोजा. त्यांची गर्दी वाढत जाते आणि एखाद्या सकाळी तारा रिकाम्या दिसतात.

निघायच्या आधी पाखरं काय करतात? सगळ्यात आधी खातात. एरवीपेक्षा किती तरी जास्त. अंगावर चरबी चढवतात, कारण वाटेत तीच शिदोरी. सकाळ-संध्याकाळ डोकं पाण्यात, शेपटी वर, असा उद्योग चालतो. मग थवे अस्वस्थ होतात. संध्याकाळी उगीच उठतात, पाण्यावर एक-दोन फेऱ्या मारतात, परत बसतात. ओरडा वाढतो. आणि मग एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर उठलेला थवा परत बसत नाही. बदकं बरीचशी रात्रीच प्रवास करतात. अंगणात झोपायचे दिवस सुरू झालेत, तर रात्री आभाळातून 'आँग-आँग' असा आवाज आला तर कान द्या. तो जाणारा थवा असू शकतो. मोठे पक्षी रांग धरून किंवा फाळासारख्या आकारात उडतात. पुढच्याच्या पंखानं उचललेल्या हवेचा मागच्याला आधार मिळतो. पुढचा दमला की मागचा पुढे येतो.

बघण्याची पद्धत अगदी साधी आहे. ऊन पाठीवर घ्या. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं, संध्याकाळी पश्चिमेच्या. समोर ऊन असेल तर सगळी पाखरं काळीच दिसतात. चमकणारी साडी नको, मातकट रंगाचं लुगडं किंवा ओढणी बरी. सरळ पाण्याकडे चालत जाऊ नका. बाभळीच्या, बांधाच्या आडोशाला बसा आणि निदान पाच मिनिटं नुसतं बसून राहा. कुत्रं घरी बांधा.

मग मनाशी चार प्रश्न विचारा. पहिला, आकार केवढा? चिमणीएवढा, पारव्याएवढा, कोंबडीएवढा की त्याहून मोठा? दुसरा, चोच कशी? थापटीसारखी, सुईसारखी, चमच्यासारखी की विळ्यासारखी वाकडी? तिसरा, तो करतो काय? पूर्ण बुडी मारतो, की फक्त डोकं बुडवून शेपटी वर करतो, की चिखलात चोच खुपसतो? चौथा, उडाला तेव्हा पंखावर, शेपटीवर पांढरं काही दिसलं का? एवढं सांगता आलं की नाव पुढे कुणीही सांगेल. नाव नाही कळलं तरी बिघडत नाही. 'लाल पायाचा, कोंबडीपेक्षा लहान, चिखलात फिरणारा' एवढं लिहिलं तरी ती नोंद झाली.

थवा मोजायचा कसा? एकेक मोजत बसलं तर तोवर ते हलतात. आधी दहा मोजायची. दहाचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात धरायचं. मग तसे किती पुंजके आहेत ते मोजायचे. थवा फार मोठा असेल तर शंभराचा पुंजका धरायचा. भाकरी करायला पीठ काढताना आपण काय प्रत्येक वेळी तोलत नाही, ओंजळीचा अंदाज असतो. तसंच हे.

आणि लिहून ठेवायचं. गटाच्या हिशोबाची वही असते ना, तशीच एक वेगळी वही. तारीख, वेळ, जागा, पाणी कुठपर्यंत आहे, कोणतं पाखरू, साधारण किती. लिहिता न येणाऱ्या बाईनं सांगायचं, शाळेतल्या मुलीनं लिहायचं. आमच्याकडे मुलीच लिहितात आणि त्यांना बदकांची चित्रंही काढायला आवडतात.

वहीची खरी गरज कुठे लागते ते सांगतो. पाखरू पहिल्यांदा आलं तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण शेवटचं कधी दिसलं ते त्या दिवशी कळत नाही. आज तलवार बदक आहे, उद्याही असेल असं वाटतं. आठ दिवस दिसलं नाही की मग कळतं, गेलं. रोज नोंद असेल तरच मागे पानं उलटून सांगता येतं की अमुक दिवशी शेवटचं दिसलं. मोठ्या पक्षीगणना होतात, नाही असं नाही. आशियातल्या अनेक देशांत १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. पण ती जानेवारीत. पाखरांचं जाणं होतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, हळूहळू, एकेक जात करत. ते रोज बघायला तिथे राहणारंच माणूस लागतं. चार-पाच वर्षांच्या वह्या जमल्या की दिसेल, पाणी लवकर आटलं त्या वर्षी पाखरं लवकर गेली का, गर्दी कमी झाली का, कोणती जात यायचीच थांबली का. ही माहिती गावाच्या पाण्याचीही माहिती आहे.

आता महत्त्वाच्या गोष्टीवर येतो. हे पाच-सहा आठवडे पाखरांसाठी सगळ्यात नाजूक असतात. आधी सांगितलं तसं, ती शिदोरी बांधत असतात. खात असताना दर थोड्या वेळानं त्यांना उठवलं तर बांधलेली शिदोरी तिथेच संपते. मग लांबच्या वाटेवर ती कमी पडते. आणि आपल्याकडे नेमके हेच दिवस पर्यटकांचे. भिगवण, कुंभारगावला पुण्या-मुंबईची माणसं येतात, मच्छीमार होडीतून त्यांना पाखरं दाखवतात, घराघरांतून मासे-भाकरीचं जेवण मिळतं. चार पैसे घरात येतात, ते यायलाच हवेत. पण होडी थव्यात घालून पाखरं उडवायची आणि उडताना फोटो काढायचा, हे थांबायला हवं. ओळखायची खूण सोपी आहे. थवा खाली मान घालून खातोय तोवर ठीक. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या की आपण फार जवळ आलो. तिथेच थांबायचं, इंजिन बंद, हळूच मागे. ज्यांच्या घरची होडी आहे त्यांनी ही गोष्ट घरातल्या माणसांना सांगावी. पाखरं टिकली तरच पाहुणे येत राहतील, हे त्यांनाही पटतं.

दुसरं, काठाची जमीन. पाणी उतरलं की गाळपेर होते. हरभरा, मका, कडवळ टाकतात. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना ही गाळपेर किती मोलाची आहे ते आम्हाला माहीत आहे. पण अगदी पाण्याला लागून जी ओली, चिखलाची पट्टी असते तिथे पीकही धड येत नाही. तेवढी पट्टी मोकळी सोडली तर शेकाटे, तुतवार, रोहित यांचं पोट तिथेच भरतं. पाणी जसं मागे सरेल तशी पट्टीही मागे सरते. यात कुणाचं फार जात नाही.

तिसरं, औषधं. फवारणीचा पंप तळ्यात, ओढ्यात धुवायचा नाही. रिकाम्या बाटल्या काठावर टाकायच्या नाहीत. त्याच पाण्यात आपली म्हैस पिते, आपले मासे वाढतात, आपली लेकरं पोहतात. पाखरांसाठी नसेल तर निदान त्यासाठी.

चौथं, तुटकी नायलॉनची जाळी आणि संक्रांतीचा मांजा. जाळी फाटली की काठाला टाकून देतात. त्यात पाय अडकून पाखरू तडफडून मरतं. महिन्यातून एकदा गटानं काठावर फेरी मारून ही जाळी गोळा केली तर तासाभराचं काम आहे.

पाचवं, शिकार. विषारी धान्य टाकून, फास लावून बदकं धरायची आणि गुपचूप विकायची, हे काही ठिकाणी चालतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानपक्षी मारणं, पकडणं, विकणं हा गुन्हा आहे. शिवाय विषानं मेलेलं पाखरू खाणाऱ्याच्या पोटातही विष जातं. असं काही दिसलं किंवा जखमी पाखरू सापडलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बाईनं एकटीनं भांडायला जाऊ नये, गटानं मिळून सांगावं.

कोंबड्या पाळणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सूचना. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा किती कुक्कुटपालकांचं कंबरडं मोडलं, ते आठवत असेल. तळ्याकाठी एखाददुसरं नव्हे, पुष्कळ पाखरं मेलेली दिसली तर हात लावू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आपल्या कोंबड्या त्या काठावर चरायला सोडू नका. दुरून जिवंत पाखरं बघण्यात काही धोका नाही.

आता वहीचा पुढचा उपयोग. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. त्या समितीनं गावातली झाडं, पिकं, जनावरं, पाखरं, पाणवठे यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ गावांत समिती कागदावर आहे, नोंदवही कपाटात आहे. ग्रामसभेत विचारा, आमच्या गावची नोंदवही कुठे आहे? त्यात तळ्यावरची पाखरं लिहिली आहेत का? नसतील तर आमच्या वहीतून घ्या. समितीवर महिला सदस्य असतात, त्या कोण आहेत ते शोधून काढा. उद्या तळं बुजवायचा, काठावर भराव टाकायचा विषय निघाला तर 'तिथे काय आहे?' असं कुणी विचारेल. तेव्हा तारीखवार लिहिलेली वही पुढे ठेवता आली पाहिजे. नुसतं 'पूर्वी लई पाखरं यायची' म्हणून चालत नाही.

दोन ठिकाणचं सांगतो आणि थांबतो. सैबेरियन क्रौंच नावाचा पांढराशुभ्र मोठा पक्षी राजस्थानात भरतपूरला हिवाळ्यात यायचा. वाटेत शिकार झाली, पाणथळ जागा गेल्या, संख्या कमी कमी होत गेली. २००२ नंतर तो तिथे आलाच नाही. थव्याबरोबर जाऊनच पिलं वाट शिकतात. वाट दाखवणारे संपले की वाटही संपते. दुसरं गाव त्याच राजस्थानातलं, फलोदीजवळचं खीचन. तिथे दर हिवाळ्यात कांड्या करकोचे हजारोंनी येतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी त्यांच्यासाठी वर्गणीनं धान्य जमवतात, मोकळ्या आवारात टाकतात. परदेशी गेलेल्या धन्याला निरोप सांगणारी बायकांची कुरजांची गाणी तिकडे प्रसिद्ध आहेत. खीचन काही श्रीमंत गाव नव्हे, पण पाखरांनी ते गाव लक्षात ठेवलं आहे.

आपल्याला धान्य टाकायला आम्ही सांगत नाही. आपल्याकडच्या बदकांना पाणवनस्पती, गवत, किडे-शिंपले पुरतात. त्यांना फक्त निवांतपणा हवा, तोही होळी-पाडव्यापर्यंत.

तर या आठवड्यात एवढं करा. गटाच्या बैठकीत एक वही ठरवा. दोघी-तिघींनी पाळी लावून घ्या, म्हणजे कुणा एकीवर भार नको. एक दिवस सकाळी सगळ्या मिळून काठावर जा, मुलींना बरोबर न्या. हळदी-कुंकू बदक आणि वारकरी ही दोन आधी ओळखायला शिका, कारण ती सहज सापडतात. मग रोज एक नवं. तुमच्या भागात पाखराला वेगळं नाव असेल तर ते जरूर लिहा. नाशिककडच्या मैत्रिणींना नांदूरमधमेश्वर आहे. त्याला महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून मान मिळाला. पैठणकडे नाथसागर आहे. पण मोठंच धरण लागतं असं नाही. गावच्या पाझर तलावावरही भुवई बदकं परतीच्या वाटेवर दोन दिवस थांबून जातात. कुणी बघितलं तरच ते कळतं.

तुमच्या वहीत काय लिहिलं गेलं ते या मासिकाला पत्रानं कळवा, रेडिओवर येऊन सांगा. कोणत्या गावातून कोणतं पाखरू कधी गेलं हे एकमेकींना कळलं तर वाट कशी आहे तेही हळूहळू कळेल. लेक सासरी निघाली की आपण वेशीपर्यंत जातो, पोचल्याची खबर येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. या पाखरांची खबर येते ती एकदम दिवाळीच्या सुमाराला, ती परत आली की. तेव्हा त्यांना उतरायला पाणी आणि चिखल शिल्लक ठेवू.